‘गाणी’ आणि ‘जुनी’ यांच्यामधली जागा

मी शिरपूरजवळच्या एका शाळेतला जुना संगणक आहे. मित्रांनो, माझ्या हातून घडलेली एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

अकरा वर्षांपूर्वी मी इथे आलो. मुलं माझ्यावर चित्रं काढत, दाखले छापले जात. पण माझं खरं काम इथल्या शिक्षिका दिपमालाबाईंनी ठरवलं. गावातल्या बेबाबाई लग्नाची, हळदीची अहिराणी गाणी म्हणत. ती आता दुसऱ्या कुणालाच येत नव्हती. दोन उन्हाळे त्या माझ्यासमोर बसून गायल्या आणि मी त्यांचा आवाज साठवत गेलो.

“बठ्ठा गाना भरी ले, माय,” सगळी गाणी भरून घ्यायला त्या सांगायच्या. “मन्हा मांगे हाऊ आवाज राही ना?”

“राहील, अक्का. कायमचा,” दिपमालाबाई म्हणायच्या.

बाईंनी एकेचाळीस गाणी निवडून, खोकला-खरखर काढून ‘गाणी’ या कप्प्यात ठेवली. कच्च्या नकला ‘गाणी जुनी’ या कप्प्यात होत्या. पुढे माझी जागा भरत आली. बाई तेव्हा आज्ञावली लिहायला नुकत्याच शिकल्या होत्या. ‘गाणी जुनी’मधलं सगळं पुसायचं, म्हणून त्यांनी ते नाव लिहिलं आणि पुढे तारा (*) टाकला. तारा म्हणजे आत असेल ते सगळं. पण नावाभोवती अवतरणचिन्हं घालायची राहिली.

चिन्हं नसली की मधली मोकळी जागा माझ्या लेखी दोन नावं करते. मी वाचलं: ‘गाणी’, आणि वेगळं ‘जुनी’. ‘जुनी’ नावाचा कप्पा मला सापडला नाही. ‘गाणी’ होता. तो मी पुसला.

‘जुनी’ सापडत नाही, असा चूक दाखवणारा संदेश आला, तो बाईंनी वाचला नाही. मग जागा करायची म्हणून तशाच राहिलेल्या कच्च्या नकलाही त्यांनी माउसने निवडून काढल्या, आणि वरून सर्वेक्षणाच्या फाइली भरल्या.

पावसाळ्यात बेबाबाई गेल्या. दहाव्यानंतर त्यांची मुलगी रूपाली शाळेत आली.

“ताई, मायना आवाज आयकू द्या.”

बाईंनी कप्पा शोधला. पुन्हा शोधला. धुळ्याच्या दुरुस्तीवाल्याने तीन दिवस मला ठेवून घेतलं आणि मान हलवली. पुसलेल्या जागेवर नवं लिहिलं गेलं होतं.

“रूपाली, माझ्याच हातून गेलं गं,” बाई म्हणाल्या.

रूपाली रागावली नाही. तिने माझ्यासमोर बसून हळदीचं एक गाणं म्हणून पाहिलं. दोन ओळी आल्या. तिसरी आठवेना. ती उठली आणि निघून गेली. पुन्हा कधी आली नाही.

मित्रांनो, मला शंका येत नाही आणि दयाही येत नाही. नाव अवतरणचिन्हांत अखंड द्या, तारा त्यांच्याबाहेर ठेवा. आणि पुसायला सांगण्याआधी नुसतं विचारा, यात काय काय येतं? मी यादी दाखवतो. त्या दिवशी मला कुणी विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं.