सुटलेली लेक

यीस्टच्या पेशीला अंकुर फुटतो, तो वाढतो आणि सुटून वेगळा होतो. आमच्या प्रयोगशाळेत पहिलीला आई म्हणतात आणि सुटणारीला लेक. प्लेटच्या प्रत्येक खळग्यात वेगळं यीस्ट, प्रत्येकातून एकेक जनुक काढून टाकलेलं. यंत्र प्लेट सरकवतं आणि न कुरकुरता हजारो फोटो काढतं. कोणतं जनुक नसलं की लेक सुटत नाही, हे आम्हाला शोधायचं होतं. पण कॉम्प्युटरला डोळे असले तरी अक्कल नाही. ती शिकवायला मी. फोटो बघायचा आणि खूण करायची: चिकटलेली की सुटलेली.

माझी लेक शिकायला म्हणून दूर गेली आणि तिकडचीच झाली. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. "आई, इथे कायमची नोकरी देतायत. घेऊ का? तू म्हणशील तसं."

"बघू," म्हटलं आणि तेव्हापासून मूग गिळून बसले. तिची आठवण आली की घास उतरत नाही. आणि आठवण तर उठता-बसता येते.

आज सकाळी सरांनी बोलावलं. "बाई, तुमच्या कॉम्प्युटरचं म्हणणं, कुठलंही जनुक काढा, लेक सुटतच नाही. ज्यातलं काहीच काढलेलं नाही, त्या यीस्टचीसुद्धा!"

"कॅमेऱ्याचा फोकस हलला असेल," मी ठणकावून सांगितलं. नाचता येईना, अंगण वाकडं.

त्यांनी मी खुणा केलेले फोटोच समोर लावले. दोघींमध्ये स्वच्छ फट, आणि खाली माझी खूण: चिकटलेली. पुढच्या फोटोत तेच, त्याच्या पुढच्यातही तेच. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात. मला तर भर दिवसा, उघड्या डोळ्यांनी दिसत होतं.

"पुन्हा करून देते," म्हटलं आणि बसले. सुटलेली. सुटलेली. प्रत्येक खुणेला जीव तुटत होता. पण सुटलेल्या लेकी चांगल्या धडधाकट होत्या, त्यांना स्वतःचे अंकुर फुटत होते. खरोखर चिकटून राहिलेल्यांचे नुसते गठ्ठे झाले होते.

जेवणाच्या सुट्टीत जिन्यात जाऊन फोन लावला. "घे गं ती नोकरी. माझी काळजी करू नकोस." आवाज अगदी खणखणीत ठेवला.

तिकडून ती बारीक आवाजात म्हणाली, "मला वाटलं होतं, तू परत ये म्हणशील. आठवडाभर त्याचीच वाट बघत होते."