तबकडीवरचा शेंदूर

कोंडाजी भोये यांनी आयुष्यभर एसटीची गाडी सावळघाटातून चढवली आणि उतरवली. निवृत्त झाल्यावरही कोणते वाहन कोणत्या आवाजात काय सांगते आहे, हे त्यांच्या कानाला कुणी समजावून द्यावे लागत नसे. म्हणूनच खोक्यात बंद होऊन नवी सायकल घरी आली, तेव्हा त्यांनी तिला सायकल म्हटले नाही, गाडी म्हटले. आणि ओसरीवर तिच्यासाठी जागा झाडून घेण्यापूर्वी पायातल्या वहाणा उंबऱ्याबाहेर काढल्या.

सायकल त्यांच्या लेकीची होती. राखी जवळच्या आश्रमशाळेत खेळ शिकवीत असे. डोंगरातल्या पायवाटांवर सायकल चालवणाऱ्यांचा जिल्ह्याचा संघ दसऱ्यानंतर नाशिकला निवडला जाणार होता, आणि त्या चाचणीसाठी क्रीडा मंडळाने ही सायकल तिच्या हवाली केली होती. भोयांचा पाडा घाटमाथ्यावर, पठाराच्या अगदी कडेला. घरापासून सपाट माळ, माळ संपतो तिथे वाघदेवाचा शेंदराने माखलेला दगड, आणि दगडापासून खाली नदीपर्यंत वळणावळणांनी उतरणारी बैलवाट. राखीला सराव करायचा होता तो त्याच वाटेवर.

बापलेकींनी मिळून सायकल जोडली. चाके बसवली, हँडल सरळ केले, प्रत्येक बोल्ट जितका आवळायचा तितकाच आवळला. डावे पेडल उलट्या आट्यांचे असते, हे राखीने सांगितले तेव्हा कोंडाजींनी मान डोलावली. ज्याने वाहन घडवले त्याने पायाच्या जोराचाही विचार केला आहे, हे त्यांना पूज्य वाटले. चाकाच्या एकेका तारेला बोटाने छेडून ते सूर ऐकत बसले. सर्वांत शेवटी राखीने दोन्ही चाकांच्या मध्याशी असलेल्या पोलादी तबकड्या स्पिरिटच्या बोळ्याने पुसल्या. ब्रेकचे पॅड याच तबकड्यांना दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. ती तबकड्यांच्या पृष्ठाला बोटही लागू देत नव्हती. दाराशी तांदूळ निवडत बसलेली तिची आई यशोदाबाई हे सारे पाहत होती. घरातल्या देवांचे टाक दिवाळीला याच काळजीने घासले जात.

मग राखी माळावर गेली, वेगात आली, ब्रेक दाबून थांबली, पुन्हा गेली, पुन्हा थांबली. नव्या पॅडांची आणि नव्या तबकडीची अशी ओळख करून द्यावी लागते, असे ती म्हणाली. कोंडाजी कडेला उभे होते. त्यांना घाट आठवला, आणि लेक जवळ येताच ते आपल्या आयुष्यातली एकच शिकवण बोलून गेले.

“उतारात ब्रेकनं दगा दिला तर दरीकडं बघायचं नाही. गाडी डोंगराच्या अंगाला घालायची. पत्रा जातो, माणूस राहतं.”

“हिला पत्राच नाही, बाबा,” राखी हसून म्हणाली. “माझंच कातडं जाईल.”

संध्याकाळी तिने सगळे पुन्हा तपासले आणि घरच्यांना बजावले की आता सकाळपर्यंत हिला कुणी हात लावायचा नाही.

पण सकाळ दसऱ्याची होती. त्या दिवशी घरातले प्रत्येक हत्यार आणि वाहन देवत्वाला पोचते. अंगणात पाटावर कोयते, विळे, कुऱ्हाड आणि नांगराचा फाळ मांडला होता, शेजारी झेंडूच्या माळेत सायकल उभी होती. पूजेला हात लावणे म्हणत नाहीत. म्हणून राखीची ताकीद या घडीला कुणालाच आठवली नाही. ती स्वतः न्हाणीत होती. यशोदाबाईंनी वाघदेवासाठी तेलात कालवलेला शेंदूर वाटीत आणला, आणि अनामिकेने हँडलला, बैठकीला, सांगाड्याला टिळा लावला.

“चाकाला नको,” नारळ सोलता सोलता कोंडाजी म्हणाले. “टायर घसरेल.”

यशोदाबाईंनी ऐकले. टायरला त्यांनी स्पर्श केला नाही, धावेलाही नाही. मात्र मधली ती झळझळीत तबकडी त्यांच्या नजरेत होती. ज्या वस्तूला लेक इतक्या सोवळ्याने पुसते, तोच या गाडीचा देव असला पाहिजे. आणि देवाला शेंदूर नाही तर काय वाहायचे? दोन्ही तबकड्यांवर त्यांनी भरघोस बोट फिरवले, हात जोडले आणि आरतीचे ताम्हण आणायला आत गेल्या.

कोंडाजींनी मान वर केली तेव्हा पुढच्या चाकातून केशरी ओघळ उतरत होता.

खांद्यावरचा गमछा ओढून त्यांनी तो ओघळ पुसला, मग मागचा पुसला, घासून घासून पुसला. रंग गेला. तबकडी पूर्वीपेक्षाही उजळ दिसू लागली, आणि ज्या माणसाने तेल प्यालेले लोखंड जन्मभर पाहिले होते, त्याला त्या उजळपणाची भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण भीतीच्या पाठोपाठ समजुती आल्या. पाड्यावरच्या सगळ्या मोटारसायकलींच्या तबकड्यांना दर दसऱ्याला हळदकुंकू लागते. चार वेळा ब्रेक दाबला की जळून जाते. हे तर त्याहून हलके वाहन. शिवाय आता बोलावे तर राखी चाके खोलून बसणार, सणाच्या दिवशी आईच्या बोटाला दोष लागणार, आणि देवाच्या शेंदराला तेल म्हणावे लागणार. त्यांनी गमछा उलटा करून खांद्यावर टाकला.

राखी आली. आरती झाली, नारळ फुटला, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवून ते चिरडले गेले. तिने माळ उतरवली, दोन्ही ब्रेकच्या दांड्या दाबून पाहिल्या. दांड्या दगडासारख्या घट्ट होत्या. ती समाधानाने आईच्या पाया पडली.

डेपोत असताना दसऱ्याची पूजा झालेली गाडी फाटकाच्या आत एकदा चालवून, थांबवून मगच रस्त्यावर सोडण्याचा परिपाठ होता. कोंडाजींना तो आठवला. जिभेवर आला, आणि तिथेच राहिला. कारण फाटकात थांबवा म्हटले तर का, हे सांगावे लागले असते.

ते लेकीच्या मागोमाग माळ ओलांडून वाघदेवापाशी आले. ती सपाटीवर संथ चालली होती, तिला ब्रेकचे काम पडले नाही. दगडापाशी एक पाय टेकून तिने शिरस्त्राणाचा पट्टा आवळला. खाली वाट पांढऱ्या दोरीसारखी पडली होती. पहिले वळण उघडे, दुसरे वळण कारवीच्या झुडपांतून, आणि तिसऱ्यावर डाव्या हाताला तुटलेला कडा, जिथे बैलही उजवीकडच्या दरडीला धरून चालतात. नागलीची शेते पिकून तपकिरी झाली होती. हवा इतकी स्वच्छ होती की नदीतल्या गाईंच्या घंटा वरपर्यंत ऐकू येत.

“राखी,” कोंडाजी म्हणाले.

“काय?”

“काही नाही. जपून.”

ती निघाली.

पहिल्या वळणाच्या अलीकडे तिने ब्रेक दाबला, आणि डोंगरातून एक आवाज उठला. लांब, चिरका, घशातून पिळून निघालेला. दुसऱ्या कुणाला ती नव्या वाहनाची कुरकुर वाटली असती. कोंडाजींना मात्र एका क्षणात सगळे कळले. ज्या ब्रेकला तेल चाटून गेले आहे तो असाच ओरडतो. तो पकडत नाही, केवळ विव्हळतो. मोटारसायकलीची तबकडी जाड असते, वजनाने आणि उष्णतेने मळ जाळते. या पातळ पात्याने तेल पॅडांना पाजले होते. जड वाहनाचा न्याय त्यांनी हलक्या वाहनाला लावला होता.

राखीने वळण घेतले, पण वेग उतरला नव्हता. आवाज थांबला, पुन्हा उठला, अधिक वरच्या पट्टीत. ती दोन्ही दांड्या दाबत होती.

बाया नदीवरून पाणी आणतात ती उभी पायवाट वळणे तोडून थेट तिसऱ्या वळणाच्या डोक्यावर जाते. कोंडाजी त्या वाटेने धावले. गुडघे कित्येक वर्षांपूर्वीच क्लचला अर्पण झालेले. पण त्या वेळी गुडघ्यांना विचारायला सवड नव्हती. पायाखालून मुरूम सुटत होता. घसरले, बसले, बसल्या बसल्याच हातभर खाली गेले, पुन्हा उठले. कारवीमागे तिचा लाल सदरा क्षणभर चमकला आणि वाटेच्या उताराबरोबर खाली गेला. तिला उडी घेता येईना. वेग तेवढा झाला होता. पुढे कडा होता.

घाटात समोरून गाडी आल्यावर जो आवाज ते पोटातून काढीत, तो त्यांनी काढला.

“राखी! आतल्या अंगाला!”

तिने वर पाहिले नाही. पण कड्याच्या अलीकडे तिचे खांदे उजवीकडे झुकले. पुढचे चाक वाट सोडून मातीच्या उभ्या दरडीला घासले, सायकल दरडीवर चढली, हँडल फिरले, आणि स्वार व वाहन दोघेही कारवीच्या जाळीत नाहीसे झाले. मग विव्हळणे थांबले. फांद्या मोडल्याचा आवाज थांबला. कुठेतरी एक चाक मोकळे फिरत होते, त्याची टिकटिक तेवढी राहिली.

कोंडाजी पोचले तेव्हा ती उठून बसली होती. कोपरापासून मनगटापर्यंत कातडे सोलले होते, गालावर फांद्यांचे ओरखडे, शिरस्त्राणाला पोचा. तिने एकेक बोट हलवून पाहिले, मग पावले. त्यांनी तिच्यापुढे बसकण मारली. धापेमुळे त्यांना बोलता येत नव्हते, आणि तेच बरे झाले असे त्यांना त्या क्षणी वाटून गेले.

“दांड्या घट्ट होत्या, बाबा,” ती म्हणाली. “दोन्ही शेवटपर्यंत दाबल्या. गाडी ऐकेचना.”

ती आडव्या सायकलीकडे सरकली. आडवे पडलेले पुढचे चाक बोटाने फिरवून तिने तबकडीवर नजर खिळवली. तबकडीला वारा खेळावा म्हणून लहान लहान भोके असतात. एकेका भोकाच्या कडेला केशरी रेघ उरली होती. तिथवर गमछा पोचला नव्हता. राखीने ती रेघ नखाने खरवडून नाकाशी नेली.

कोंडाजींनी खांद्यावरचा गमछा काढला, सुलटा केला आणि तिच्या पुढ्यात ठेवला. त्यावरचा डाग अजून ओला होता.

“मी पुसला होता,” ते म्हणाले.

“मला सांगितलं नाहीस.”

“सणाचा दिवस. आईचं बोट होतं तुझ्या.”

राखीने गमछा उचलून डाग न्याहाळला. “आईला काय ठाऊक असणार,” ती म्हणाली. “तुला ठाऊक होतं.”

कोंडाजींनी सायकल उभी केली, वाकडे झालेले हँडल गुडघ्यांत धरून सरळ केले, आणि सगळा चढ ती स्वतः ढकलीत नेली. राखी सोललेला हात दुसऱ्या हाताने धरून मागून चालत होती.

घरी यशोदाबाईंनी लेकीचे रक्त पाहून आधी तोंडात पदर धरला, मग हळद आणली. काय झाले ते कोंडाजींनीच सांगितले, आणि काही न गाळता सांगितले. यशोदाबाई खांबाला टेकून उभ्या राहिल्या. देवाचा शेंदूर पोरीच्या जिवावर उठला, हे त्यांच्या मनात मावत नव्हते.

“शेंदूर वाईट नाय,” कोंडाजी त्यांना त्यांच्याच बोलीत म्हणाले. “तुला जागा ठाऊक नव्हती. मी बघितलं, पुसलं अन् गप बसलो. पोरीला पाडलं ते माझ्या गप बसण्यानं.”

तेल प्यालेले पॅड पुन्हा कामाला येत नाहीत. राखीने नाशिकच्या मैत्रिणीला फोन केला, आणि पेठकडे येणाऱ्या एसटीच्या चालकाच्या हाती नव्या पॅडांची पुडी घाटमाथ्यावर पोचली. कोंडाजी थांब्यावर जाऊन ती दोन्ही हातांनी घेऊन आले. तबकड्या स्पिरिटने पुसल्या गेल्या, भोकांच्या कडा काडीला कापूस गुंडाळून. या वेळी राखीने आईला शेजारी बसवून घेतले आणि पॅड कुठे धरतात, तेलाने काय होते, ते दाखवले. यशोदाबाईंनी ऐकून घेतले. मग वाटी घेऊन आल्या आणि बोट बुडवून तशाच थांबल्या. राखीने त्यांचे मनगट धरून ते हँडलच्या मधोमध नेले.

माळावर पॅडांची ओळख पुन्हा करून झाली. हातावरची खपली अजून ओढत होती, निवड जवळ आली होती. वाघदेवापाशी आल्यावर राखी सायकलीवर बसली नाही. तिने हँडल वडिलांच्या हाती दिले.

“फाटकात थांबवून दाखव,” ती म्हणाली. डेपोचा तो परिपाठ त्यांनी तिला आता सांगितला होता.

कोंडाजी सायकलीच्या बाजूने पहिल्या उतारावर चालू लागले, मग पळू लागले, म्हाताऱ्या गुडघ्यांना पेलेल तेवढे. वेग आला तशी त्यांनी पुढची दांडी दाबली. सायकल जागीच रुतली. मागचे चाक किंचित उचलले गेले. मग मागची दांडी. मुरुमात चाकाची एक सरळ रेघ उमटली आणि थांबली. त्यांनी मान तिरपी करून कान दिला. कसलाही आवाज नव्हता.

तरी त्यांनी सायकल लगेच दिली नाही. खाली वाकून दोन्ही तबकड्या न्याहाळल्या, एकेका भोकातून पलीकडचा उजेड पाहिला. गमछा आज त्यांनी घरीच ठेवला होता.

“बाबा, ऊन चढतंय,” राखी म्हणाली.

त्यांनी हँडल तिच्या हाती दिले. ती निघाली, आणि वळणाच्या अलीकडे तिने ब्रेक दाबला. कोंडाजी देवाच्या दगडाला पाठ करून, डोळे मिटून उभे होते. आणि खालून फक्त टायरखाली खडे सरकल्याचा आवाज येत होता.