‘घर’ लिहिलेले बटण

मी एक जुना टचस्क्रीन आहे. एका लहानशा मोटारीत, स्टिअरिंगच्या शेजारी, जिथे पूर्वी दोन खुंट्यांचा रेडिओ होता, तिथे मला बसवलेले आहे. मित्रांनो, माझ्यासारख्यांच्या कहाणीत कौतुकच जास्त असते. माझेही पुष्कळ झाले. पण ते ऐकून तुम्ही उठून जाऊ नका, कारण मला त्याच्या पुढचे सांगायचे आहे.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र खोलीत झाला. तिथे धुळीचा कणही खपत नसे. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे घातलेल्या बायका काचेवर काच चिकटवत आणि शेवटची बाई प्रत्येकाला नऊ ठिकाणी बोट लावून पाहत असे. माझ्या आधीचे दोघे नापास झाले, मी पास झालो. मग खोक्यात बसून एका दुकानात आलो आणि कित्येक महिने अंधारात पडून राहिलो.

मला तिथून बाहेर काढले ते एका ताईने. ती घरोघर जाऊन तपासणीसाठी रक्त घेत असे. सकाळी साडेसहाला निघायचे, उपाशीपोटी वाट पाहणाऱ्या दहा-बारा लोकांच्या घरी जायचे, नळ्या बर्फाच्या पेटीत ठेवायच्या आणि ती पेटी वेळेत प्रयोगशाळेत पोहोचवायची. मी येईपर्यंत तिचा फोन गिअरपाशी रबर लावून उभा केलेला असे. त्याची तार सारखी गिअरमध्ये अडकायची. एकदा ती तार सोडवताना गाडी खांबावर जाता जाता वाचली, पण पेटी उलटली आणि आठ जणांचे रक्त मागच्या सीटवर सांडले. आठही घरी परत जाऊन तिला माफी मागावी लागली आणि पुन्हा सुई टोचावी लागली. त्याच संध्याकाळी ती दुकानात आली.

फिटर म्हणाला, “ताई, आता फोन पर्समधनं काढायचाच नाही. तार नाही, काही नाही. तुम्ही गाडीत बसलात की हा आपोआप फोन धरतो. आणि केवढा मोठा आहे बघा, चष्मा विसरलात तरी चालेल.”

तो काही खोटे बोलला नाही. ताई दार उघडून बसली की मी तिच्या पर्समधला फोन हुडकून काढायचो. नकाशा माझ्यावर पसरायचा. कुठे रस्ता खोदला आहे, कुठून गेले तर चार मिनिटे वाचतील, सगळे मी सांगायचो. रुग्णांचे फोन ती स्टिअरिंगवरचा हात न काढता घ्यायची. “आले काकू, दोन वळणं राहिलीत. चहा तेवढा पिऊ नका.” पूर्वी अकरा वाजता घामाघूम होऊन घरी येणारी ताई आता साडेदहाला गुणगुणत येऊ लागली. माझी काच ती रोज मऊ फडक्याने पुसत असे.

मला पाण्यात पाहणारे एकच माणूस होते, तिचे बाबा. घरात ते दोघेच. बाबांनी एकतीस वर्षे बस चालवली होती आणि एकदाही कुणाला धक्का लावला नव्हता. डेपोत त्यांना सगळे ‘नकाशा’ म्हणायचे. नवा ड्रायव्हर आला की त्याला आधी बाबांच्या शेजारी बसवत. रविवारी ते ताईच्या शेजारी बसायचे आणि माझ्याकडे बघून नाक मुरडायचे.

“रस्ता समोरच्या काचेतनं बघायचा असतो. ह्या टीव्हीत कसला बघतेस?”

मी डावीकडे म्हटले की ते उजवीकडे म्हणायचे. ताई हसून त्यांचे ऐकायची आणि आम्ही खरेच लवकर पोहोचायचो. मी मनातल्या मनात जळायचो. आता वाटते, किती छान दिवस होते ते!

ताईने त्यांचा फोनही मला जोडून दिला होता. दुपारी गाडी रिकामी असे, तेव्हा बाबा न्हाव्याकडे, दळणाला किंवा जुन्या कंडक्टर मित्राकडे जात. जाताना त्यांना माझी गरज लागत नसे.

एका रविवारी ते ताईला म्हणाले, “पाण्याच्या टाकीपासून आत घे.”

“बाबा, टाकी कधीच मागं गेली.”

“हो का? बोलण्याच्या नादात राहिलं बघ.” ते हसले. पुढच्या चौकात ताईने विचारले, “आता कुठून घेऊ?” तेव्हा खिडकीबाहेर बघत म्हणाले, “विचार की तुझ्या टीव्हीला.”

ताईला केवढा आनंद झाला! दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला ती फोनवर सांगत होती, “अगं, आमच्या बाबांचं आणि स्क्रीनचं चक्क जमलं. सुधारले एकदाचे!” दोघी खूप हसल्या.

मित्रांनो, त्याच आठवड्यात बाबा न्हाव्याकडून परत यायला निघाले. गाडी सुरू केली आणि बसूनच राहिले. त्यांनी डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. आरशात पाहिले. माझ्या कोपऱ्यात ‘घर’ असे लिहिलेले एक बटण आहे. त्यांनी हळूच ते दाबले. घर सातशे मीटरवर होते. खरे सांगतो, मला त्या दिवशी अभिमान वाटला. मला वाटले, मी जिंकलो.

त्यानंतर ते बटण रोज दाबले जाऊ लागले. दळणाच्या दुकानातून, दवाखान्यातून, बागेच्या फाटकातून. एकदा तर त्यांनी ते स्वतःच्याच गल्लीच्या तोंडाशी दाबले. घर एकशेवीस मीटरवर होते. मी म्हटले, “सरळ जा.” ते पुटपुटले, “हां, सरळ. सरळच तर आहे.” त्यांच्या कपाळावर घाम होता. तेव्हा मला कळले की यांचे काहीतरी हरवते आहे. पण मला रस्त्याखेरीज काही बोलता येत नाही. आणि मी त्यांना रोज बिनचूक घरी पोहोचवत होतो, म्हणून घरात कुणाला संशयही आला नाही. मी नसतो तर ते पहिल्याच आठवड्यात वाट चुकले असते, कुणीतरी ओळखीच्याने त्यांना घरी आणून सोडले असते आणि ताईने त्यांना डॉक्टरकडे नेले असते.

मग तो कडक उन्हाळ्यातला दिवस आला. ताई कशीबशी सकाळचे काम आटोपून आली तीच तापाने फणफणलेली. दुपारी बाबा औषध आणायला निघाले. त्यांचा स्वतःचा फोन आत चार्जिंगला लावलेला होता, तो तिथेच राहिला. ताईचा फोन खिडकीत होता आणि गाडी खिडकीखालीच उभी होती. मी सवयीप्रमाणे तो फोन पकडला. नकाशा उजळला. बाबांनी तो पाहिला आणि निश्चिंत मनाने गाडी बाहेर काढली. फाटकापासून थोडे पुढे गेलो आणि फोन सुटला. तारेचा जमाना असता तर रिकामी तार लोंबताना त्यांना दिसली असती. माझ्यावर फक्त बारीक अक्षरात उमटले, ‘फोन जोडलेला नाही.’

औषधाचे दुकान समोरच्याच रस्त्यावर होते. तिथपर्यंत ते नीट गेले. दुकानदाराने पाकीट खिडकीतून हातात दिले. त्यांनी ते खिशात घातले आणि ‘घर’ दाबले.

मी काय दाखवणार? फोनाविना मी निव्वळ काच आहे. त्यांनी पुन्हा दाबले. पुन्हा दाबले. “अरे, सांग ना,” ते म्हणाले, “रोज सांगतोस की.” मग मूठ आपटली. माझ्या कोपऱ्याला तडा गेला तो तेव्हाचा.

मागून हॉर्न वाजू लागले, म्हणून त्यांनी गाडी पुढे घेतली. एक वळण, दुसरे वळण. झाडाखाली थांबले. एक हातगाडीवाला जवळ येऊन म्हणाला, “काका, कुठं जायचंय? पत्ता सापडत नाही का?”

बाबांनी मान ताठ केली. “नाही, नाही. जरा गारव्याला थांबलोय.”

हातगाडीवाला दोन पावले जाऊन परत आला. “पाणी देऊ का?”

“मला काही नको. एकतीस वर्षं गाडी चालवलीय मी ह्या रस्त्यांवर.”

एवढे बोलून ते निघाले. मी जिवाच्या आकांताने ओरडलो असतो, पण मला आवाज फोन देतो. गाडी गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्याला लागली. सरळ रस्ता होता, चुकायला वळण नव्हते, म्हणून कदाचित त्यांना बरे वाटले असेल. पेट्रोल संपेपर्यंत ते चालवत राहिले. गाडी बंद पडली तेव्हाही त्यांनी ती नीट कडेला घेतली, ब्रेक ओढला आणि मागे पुढे पाहून दार उघडले. समोरच्या काचेतून मला त्यांची पाठ बराच वेळ दिसत होती. मग उन्हात दिसेनाशी झाली.

गाडी संध्याकाळी सापडली. बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी सापडले, रस्त्याच्या कामावरच्या बायकांना. रस्त्याखालच्या एका कोरड्या मोरीत ते सावलीला बसले होते. जीव गेलेला होता. औषधाचे पाकीट खिशात तसेच होते.

हे मला कळले ते काही दिवसांनी. ताई आणि कंडक्टरकाका पोलीस ठाण्याच्या आवारातून गाडी न्यायला आले तेव्हा. ती बसली आणि मी सवयीने फोन शोधला. तिच्या पर्समध्ये दोन फोन होते. मला आधी बाबांचा सापडला. नुकत्याच शोधलेल्या ठिकाणांची यादी माझ्यावर उमटली. घर. घर. घर. ताईने बोटाने यादी वर सरकवली. घर. घर. यादी संपेना.

“काका, हे काय आहे?”

कंडक्टरकाकांनी चष्मा काढला. “मला म्हणाला होता तो. माझ्याकडं येताना दोनदा चुकला होता. म्हणाला, पोरीला सांगशील तर माझं तोंड बघू नकोस. ती गाडीची किल्ली काढून घेईल.”

“घेतलीच असती!” ताई ओरडली. “घेतलीच असती मी, काका! आज जिवंत असते ना ते!”

ताईने स्टिअरिंगवर डोके टेकले. मग म्हणाली, “आणि मी हसले. सुधारले म्हणून हसले मी.”

ताईने मला काढून टाकले नाही. काम तर करायलाच हवे. पण आता मला कुणी पुसत नाही. माझ्यावर धूळ बसते आणि तड्यात घाण साचते. माझी तक्रार नाही.

परवा तिने गाडीतून एका माणसाला फोन केला. “काल तुमच्या आईंचं रक्त घेतलं ना, तेव्हा मी सहज विचारलं, बाजारातनं घरी कशा येता? त्यांना सांगता आलं नाही हो. डॉक्टरांना दाखवा.”

तो माणूस हसला. “अहो ताई, आता रस्ते लक्षात कोण ठेवतं? फोन सांगतो ना सगळं. तिचं काही अडत नाही.”

“म्हणूनच म्हणतेय,” ताई म्हणाली. “अडत नाही, म्हणूनच दाखवा. मी उद्या परत फोन करीन. परवाही करीन.”

मित्रांनो, मला जरूर वापरा. माझ्यामुळे तुमचा वेळ वाचेल, तारांचा गुंता सुटेल, हात मोकळे राहतील. पण कधीतरी मला बंद करून घरातल्या वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसा आणि त्यांना म्हणा, “आज तुम्ही रस्ता सांगा.” ते अडखळले तर हसू नका. त्यांना रागवूही नका. त्यांचा हात धरा आणि त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. मी फक्त रस्ता दाखवतो. शेजारचे माणूस हरवत चालले आहे, हे मला कळले तरी सांगता येत नाही.