आधी रेघ, मग ठिपके

तापीकाठच्या लालबागेतल्या त्या इंजिनीअरिंग कॉलेजात प्रयोगाचा रिपोर्ट लिहायची एक रीत होती. आधी आलेखावर सुंदर रेघ ओढायची, मग तिच्यावर ठिपके बसवायचे. खरे ठिपके रेघेशी भांडतात, आणि भांडकुदळ ठिपक्यांचे मार्क कापले जातात, हे पहिल्या वर्षाचं पोरही जाणून होतं.

सायलीनं केळीच्या धाग्याच्या ताकदीचा रिपोर्ट असाच केला. कोरडा धागा तिनं खरोखर मशीनवर तोडला. ओला मात्र पकडीतून निसटतच राहिला, तेव्हा तिनं रेघेलाच विचारून आकडे भरले.

अरविंद सरांनी त्या रिपोर्टाचा शोधनिबंध केला. भाषेला अशी कडक इस्त्री मारली, की वाचून तापीनंही पूर आवरून वाट द्यावी. एका नियतकालिकानं तो छापला. पहिलं नाव सरांचं, दुसरं सायलीचं. सरांनी सिंधीपुऱ्यापासून पेढे वाटायला घेतले ते शनवाऱ्याच्या वेशीपर्यंत. म्हणतात, तिथला दरवाजा तेव्हापासून आ वासून उभा आहे.

एक पुडा सायलीच्या वडिलांकडे, देवरामकडे, केळीच्या शेतावर गेला. सोबत सरांनी निबंधाचं सारही सांगितलं: पाण्यात भिजूनही हा धागा तुटत नाही. दुसऱ्या दिवशी देवरामचा फोन आला.

"पोरी, तुझ्या धाग्याचा दोर वळेल शे. उद्या तुझ्या भावाले, समाधानले, त्यावरून विहिरीत उतरवतो. मोटर अडकेल शे."

सायली काही बोलायच्या आत त्यानं फोन ठेवला. ती तडक प्रयोगशाळेत सरांसमोर उभी राहिली.

"सर, ओल्या धाग्याचे आकडे माझे आहेत."

"तुझेच ना. म्हणून तर नाव घातलं."

"माझे म्हणजे मशीनचे नाहीत. रेघेवरून घेतले."

सर हसायला गेले, पण हसू तोंडातच विरलं. "बेटा, रिपोर्टात सगळेच करतात. मीही केलंय."

"रिपोर्ट तुम्ही वाचता सर, तुम्हाला उत्तर माहीत असतं. निबंध वाचणाऱ्याला माहीत नसतं. बाबा उद्या समाधानला त्या दोरावर उतरवणार आहेत."

"मग बाबांना फोन लाव, बात खतम. संपादकाला एवढ्यात नको. माझ्या प्रमोशनची फाईल वर गेलीय."

"आणि बाकीच्या वाचणाऱ्यांना कोण फोन लावणार?"

सायलीनं तिथंच उभ्या उभ्या फोन लावला.

"बाबा, तो दोर वापरू नका."

"का वं? छापेल शे ना?"

"ते मीच लिहिलंय. मोजलं नव्हतं."

देवराम म्हणाला, "समाधानले नाही उतरवत. पण मंग छापणाऱ्याले सांग ना, माले काय सांगतीस."

सायली कॉम्प्युटरसमोर बसली. संपादकाला पत्र लिहायला घेतलं आणि खाली स्वतःचं नाव टाकलं. मागं सर येऊन उभे राहिले. आता हे बंद करायला लावणार, असं तिला वाटलं.

"माझं नाव वर घे," ते म्हणाले. "निबंधात वर होतं, तर इथंही वरच."

त्यांनी खुर्ची ओढली. इतक्या इस्त्रीच्या भाषेत लिहून झाल्यावर, आम्ही मोजलं नाही, हे साधं वाक्य दोघांनाही लिहवेना.