शुक्रवारचा उपास

केसरीनाथांच्या घरी शुक्रवारी माशांना उपास असे. नारपोलीतले लूम, म्हणजे कापड विणायचे यंत्रमाग, शुक्रवारी बंद राहात, म्हणून. केसरीनाथ एका कारखान्यात जॉबर होते. सहा दिवस बिघडलेले लूम दुरुस्त करायचे आणि सातव्या दिवशी यंत्रं पुसून, तेल घालून गप्प ठेवायची, हा त्यांचा नेम. तोच त्यांनी घरच्या काचेच्या टाकीलाही लावला होता. "यंत्राला सुट्टी, तशी पोटाला सुट्टी," ते म्हणत. "हावरी जात हाय ही. देऊ तेवढं खातील न् फुगून मरतील."

गुरुवारी केसरीनाथ गेले. शुक्रवारी सकाळी त्यांच्या मुलीनं, चंद्रानं, माशांना खायला घातलं.

ती विसरली नव्हती. गल्लीत लूमचा खडखडाट नव्हता, म्हणजे शुक्रवार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. पण ती टाकीजवळ गेली तशी सगळी पिल्लं काचेला येऊन भिडली आणि इवली तोंडं उघडू-मिटू लागली. त्या उघड्या तोंडांना नाही म्हणणं तिला जमलं नाही. तिनं डबा उघडला.

लोखंडी अँगल, काच आणि पुट्टी यांची ती टाकी केसरीनाथांनी स्वतः बांधली होती. मासे सिक्लिड जातीचे, राखी अंगावर काळे उभे पट्टे. क्रॉफर्ड मार्केटातल्या विकणाऱ्यानं सांगितलं होतं की पट्ट्यांवरून इंग्रजीत यांना कैदी म्हणतात. एक नर, एक मादी. टाकीत आडव्या ठेवलेल्या मातीच्या कुंडीत मादीनं पौषात अंडी घातली, तेव्हा केसरीनाथ टाकीशेजारच्या खाटेवर पडून होते आणि त्यांना उठवत नव्हतं. पिल्लं पोहू लागली, पन्नास-पंचावन्न असतील. आईबाप त्यांचा ढग पुढे घालून टाकीभर हिंडवत. केसरीनाथ खाटेवरून सांगत आणि चंद्रा करी. पहिला आठवडा उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून द्यायचा. मग पालक उकडून, वाटून, चिमूटभर. सुका जवळा कुटून आठवड्यातून एकदाच. घटकाभरानं उरलेलं सगळं रबरी नळीनं ओढून काढायचं, आणि काढलं तितकं पाणी पिंपात मुरवलेल्या पाण्यानं भरायचं.

चंद्रा हायस्कुलात शिकवत होती. वाचनालयातलं पुस्तक संपवल्याशिवाय परत न करणारी बाई. वडिलांची मूत्रपिंडं निकामी होत चालली, पाय आणि पोट सुजलं, तेव्हा तिनं त्याच्यावरही मिळेल ते वाचलं. मीठ बंद. डॉक्टरांनी सांगितलं आणि तिनं ते अक्षरशः पाळलं. मिठाची बरणी कपाटात कुलपात ठेवली.

"चंद्रे, एक सुका बोंबील भाज गो," केसरीनाथ म्हणत. "एकच. तोंडाला चव न्हाय."

"बाबा, बोंबलात मीठ असतं."

"मंग अर्धा."

"बाबा."

"मास्तरीण झालीस, बापाला पण छडी," असं म्हणून ते हसत आणि टाकीकडे तोंड करून पडत. शेवटच्या पाच दिवसांत त्यांनी हे चार वेळा मागितलं. चौथ्या वेळी हसले नाहीत.

आणि त्या पाच दिवसांच्या आधीच, दाराशी चप्पल घालता घालता, डॉक्टर चंद्राला हळू आवाजात म्हणाले होते, "आता पथ्य राहू द्या. मागतील ते द्या त्यांना." तिनं मान डोलवली होती. आत येऊन तिनं बिनमिठाची पेज गरम केली. बोंबील भाजणं म्हणजे बाबा मरणार हे कबूल करणं होतं, आणि ते तिला करायचं नव्हतं. डॉक्टरांचे शब्द तिनं बाबांना सांगितले नाहीत. कुणालाच सांगितले नाहीत.

केसरीनाथांची थोरली बहीण पुतळाबाई दिवसांसाठी कशेळीहून येऊन राहिल्या होत्या. खाडीकाठची बाई; मासा बघून वजन सांगणारी. घरात चूल पेटत नव्हती, शेजारपाजारहून डबे येत, आणि डब्यांतलं उरलेलं भाताचं शीत पुतळाबाई टाकीत टाकत.

"आत्या, भात नाही खात ते."

"खातात तर! हे बघ. केसरीच्या घरातलं जितराब दिवसांत उपाशी ऱ्हायला नको." जवळ्याचा डबा त्यांनी दुसऱ्याच दिवशी शोधून काढला. "आपल्याला चालायचं न्हाय. यांना कसलं सुतक?" आणि खलबत्ता घेऊन बसल्या.

चंद्राला बोलता आलं असतं. आठवड्यातून एकदा, हे दोन शब्द होते. पण तीही दिवसातून तीनदा, चारदा डबा उघडू लागली. शाळेला रजा होती, पुस्तकात मन लागत नव्हतं. टाकीत चिमूट सोडली की पाण्यावर गर्दी उडे, आणि तेवढा वेळ छातीवरचं ओझं कमी वाटे. मग पुन्हा चिमूट. नळी कोनाड्यात वाळून कडक झाली.

नवव्या दिवशी मादीचं पोट वाढलेलं दिसलं. आधीच नारिंगी झाक असलेलं ते पोट आता ताणून चकाकत होतं. ती कुंडीच्या मागं एका जागी थांबली होती.

पुतळाबाई काचेला नाक लावून बघत राहिल्या. "चंद्रे! गाभोळी धरलीय हिनं, अंडी हायत पोटात."

"इतक्यात? पिल्लं अजून महिन्याची नाहीत."

"मी काय मासे आज बघते? माझा केसरी जाऊन नऊ दिस झाले, न् हिच्या पोटात गाभोळी." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "त्याचा जीव कुठं जानार? या टाकीबिगर त्याला होतं काय? दोन जिवांची हाय, तिला जरा जास्त घाल."

चंद्राचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तरी तिनं जास्त घातलं. मादीनं तोंड लावलं नाही. सगळं पिल्लांनी खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दिवा लावला आणि पिल्लांकडे नीट बघितलं. कडधान्याच्या दाण्याएवढे जीव, आणि त्यांतल्या वीस-पंचवीस जणांची पोटं टम्म. काही तिरकी होऊन पोहत होती. एकाच्या मागं पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा लोंबत होती. दोन तळाला पडली होती.

महिन्याच्याही नसलेल्या पिल्लांना कसली गाभोळी!

ती तशीच उभी असताना दारात इद्रीस आला. केसरीनाथांच्याच कारखान्यातला विणकर. दोघं मिळून मासे आणायला मुंबईला जात. महिनाभर तो मुलखाला, आझमगडकडे होता आणि येऊन पिशवी ठेवून तडक इकडे आला होता. तो आधी खाटेकडे बघून उभा राहिला. मग टाकीकडे वळला, आणि वाकला.

"बिटिया, ये क्या हुआ?"

"आत्या म्हणते गाभोळी आहे."

"अंडा-वंडा कुछ नहीं. पेट जाम हो गया है इसका. देख, खवले उभे राहिलेत. ये नहीं बचेगी." त्यानं पाण्यात बोट बुडवून नाकाशी नेलं. "पाणी सडलं. जुम्मे का उपास नहीं रखवाया?"

चंद्रानं नकारार्थी मान हलवली.

"दोनो जुम्मे?"

"दोन्ही."

"केसरीभाऊने बताया नहीं था?"

"सांगितलं होतं."

बाही वर करून इद्रीसनं कोनाड्यातली नळी घेतली, गरम पाण्यात घालून मऊ केली, आणि तळाचा काळा गाळ, भाताची फुगलेली शितं, जवळ्याचा चिखल ओढून काढला. बादली भरून वास सुटला. "चार दिवस अन्नाचा कण नाही," तो म्हणाला. "रोज तिसरा हिस्सा पाणी बदल. मग पालक, इतनासा. जो बचेंगे, वो बचेंगे." आणि जाताना, "तोंड उघडून मागतील. देना मत. वो भूख नहीं है, आदत है."

त्याच संध्याकाळी मादी मेली. नर तिच्याभोवती फिरत राहिला.

अकराव्या दिवशी नऊ पिल्लं गेली. चंद्रानं ती कागदावर काढली, पाणी बदललं आणि डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली फिरवताना तिचा हात थांबला. याच कपाटात मिठाची बरणी होती. मग तिनं किल्ली फिरवली.

बाराव्याला घर भरलं. कशेळीची भावकी आली, कारखान्यातले लोक आले, अंगणात पंगती बसल्या. ज्याचं-त्याचं लक्ष टाकीकडे. केसरीनाथांचे मासे, म्हणून प्रत्येकाला त्यांना घास द्यायचा होता. चंद्रा टाकीला पाठ लावून उभी राहिली. "नको. आजारी आहेत. नको, मामा. नको म्हटलं ना." पाठीमागं काचेवर बारीक टकटक होत होती. सपाट पोटाची पिल्लं तिच्या पदराच्या रंगाकडे झेपावत होती.

पुतळाबाई पुरीचा तुकडा घेऊन आल्या.

"आत्या, नको."

"तुझ्या बापाचं बारावं हाय. गावजेवण उठलंय, न् त्याची पोरं उपाशी?"

"दिलं तर मरतील."

"मरतील!" पुतळाबाईंचा आवाज चढला. पंगतीतली दोन-चार तोंडं वळली. "भेटायला आले तवा केसरी सांगत होता मना. बोंबलाचा एक तुकडा मागत होता लेकीकडं. एक तुकडा! दिला न्हायस. एकाला तोंड आळणी ठेवून घालवलंस, आता यांना पण तसंच घालव."

मामा म्हणाले, "आक्का, पुरे." कुणी तरी भात वाढायला हाक मारली. चंद्रा जागची हलली नाही. पुरीचा तुकडा पुतळाबाईंच्या हातात मऊ झाला आणि त्यांनी तो शेवटी अंगणात कावळ्यांना फेकला. त्या दिवशी आणखी चार पिल्लं गेली.

तेराव्या दिवशी एकही गेलं नाही. चौदाव्या दिवशी सकाळी तिनं मोजली: चाळीस पिल्लं, आणि एक नर. पोटं सपाट, अंग सरळ. तिनं पालकाचं एक पान उकडलं, वाटलं, आणि चिमटीचीही चिमूट करून सोडलं. पिल्लांनी ते क्षणात संपवलं आणि पुन्हा काचेला आली. तिनं हात पाठीमागं घेतले.

पुतळाबाई पिशवी भरून निघायच्या तयारीत होत्या. त्या येऊन शेजारी उभ्या राहिल्या. पिल्लांची सपाट पोटं त्यांनी बघितली.

"तुझंच खरं ठरलं," त्या म्हणाल्या. "मी खुळी. गाभोळी म्हनत बसले." त्यांनी चंद्राच्या पाठीवर हात ठेवला. "केसरीच्या वक्ताला पन तुझंच खरं असनार गो. डाक्टर सांगतो तसं करावं लागतं. मी चारचौघांत नको ते बोलले. मनात धरू नको."

तो हात गरम होता. चंद्राला तो तसाच राहायला हवा होता. आत्या दोनच्या गाडीनं जाईल आणि तिच्याकडून सगळ्या कशेळीत हेच पोचेल, की पोरीनं बापासाठी पथ्य निगुतीनं सांभाळलं. पुढं कुणी काही विचारणार नाही.

"डॉक्टरांनी द्या म्हटलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"पाच दिवस आधी. दारात सांगितलं मला. पथ्य सोडा, मागतील ते द्या."

पुतळाबाईंना समजायला वेळ लागला. हात पाठीवरून निघाला.

"मंग बोंबील..."

"दिला असता तर चालला असता."

"केसरीला ठावं होतं हे?"

"नाही. मी सांगितलं नाही."

पुतळाबाई खाटेच्या कडेला बसल्या. इतक्या दिवसांत त्या सगळ्यांसमोर मोठ्यानं रडल्या होत्या. आता रडल्या त्या भिंतीकडे तोंड करून, आवाज न करता. चंद्रा एक पाऊल पुढं आली तशी त्यांनी तळवा वर करून तिला थांबवलं.

"का गो?" त्यांनी भिंतीलाच विचारलं.

"मला वाटलं, दिलं की ते जातील."

जेवायची वेळ झाली होती. चंद्रानं चुलीवर भात ठेवला होता, सुतक फिटून घरात चूल पेटल्यावरचा दुसरा भात. तो शिजायच्या आत पुतळाबाई उठल्या, पिशवी घेतली, आणि न जेवता, वळून न बघता पायऱ्या उतरून गेल्या.

चंद्रानं त्यांना थांबवलं नाही. लूमच्या खडखडाटात त्यांच्या चपलांचा आवाज लगेच हरवला. ती दारात उभी राहिली. तिची पाठ, जिथं तो हात होता तिथं, गार पडली होती. आत्या रागावून गेली होती आणि कदाचित पुन्हा येणार नव्हती. पण ती ज्याच्यावरून रागावली होती, ते खरं होतं.