तोंड दाबलेली टाकी

मित्रांनो, जवळ या, पण हात लावू नका. माझ्या कडा अजून धारदार आहेत. मी एक जुनी, फाटलेली गरम पाण्याची टाकी आहे. आज गॅरेजच्या मागच्या भिंतीशी पडले असले, तरी एकेकाळी मी चाकांवरच्या घरात राहत होते.

माझा जन्मच मारझोडीत झाला. चांगल्या सपाट पत्र्याला कापलं, हातोड्याने बडवून वाकवलं आणि आगीने पोळून कडेला कड चिकटवली. तेव्हापासून मी तापट! मला घडवणारा मिस्त्री कामामागे गावोगाव फिरायचा. तो, त्याची बायको आणि म्हातारी आई एका जुन्या व्हॅनमध्येच राहायचे. आईचे सांधे आखडलेले. गार पाणी अंगावर पडलं की ती कळवळायची. "आईला ऊन पाण्याने अंघोळ घातली नाही, तर नावाचा मिस्त्री नाही," असं म्हणत त्याने मला तिच्या पलंगाखाली बसवलं. पुढे दिवा आला, पंखा आला, घडीचं टेबल आलं. पण पहिल्या अंघोळीला म्हातारी रडली ती माझ्यामुळे. "आज माझे गुडघे माझे वाटतात रे," ती म्हणाली. मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू!

माझ्या डोक्यावर एक छोटी झडप होती. आतला दाब वाढला की ती थोडं पाणी सोडायची आणि माझा राग निवळायचा. ते पाणी नळीने व्हॅनबाहेर काढायला हवं होतं. मिस्त्री नुसता "लावू की सावकाश" म्हणत राहिला. मी तापले की आईची गादी भिजायची. बायको कानीकपाळी ओरडायची, "अहो, नळी तेवढी लावा!" एकदा ओल्या गादीवरून भडका उडाला. "दिवसभर राबायचं आणि घरी येऊन हेच ऐकायचं?" म्हणत त्याने पाना भिरकावला. खिडकीची काच खळकन फुटली. त्याच तिरमिरीत त्याने झडपेच्या तोंडात बोल्ट पिळून बसवला. "घे, आता गळून दाखव!" रोग म्हशीला, औषध पखालीला! माझ्या नशिबी मात्र तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

गादी कोरडी राहिली आणि सगळे खूश झाले. मग एका सकाळी पाणी तापलं की आपोआप आच बंद करणारा स्विच अडकला. माझ्या खालची गॅसची ज्योत विझेना. वर आई अंघोळीची वाट पाहत पडलेली, आणि मिस्त्री तिच्या उशाशी फळी ठोकायला भिंतीत ड्रिल चालवत होता. मी फुगत होते, आतून ठणाठणा आदळत होते. ड्रिलपुढे ऐकतंय कोण? बाहेर कपडे वाळत घालणाऱ्या सूनबाईने मात्र ऐकलं. ती किंचाळत आत आली.

"काय झालं बोंबलायला?" तो खेकसला.

तिने त्याची कॉलर धरून त्याला दाराबाहेर ढकललं. सासूला गादीसकट कवेत घेतलं आणि ती वळली. माझ्याकडे तिची पाठ होती.

मला थांबायचं होतं हो! दारापर्यंत तिची दोनच पावलं उरली होती. पण शिवण धरवेना. मी फाटले. पलंगाच्या चिंधड्या झाल्या, दार बिजागरीतून उखडलं, छप्पर उसवलं आणि सगळं उकळतं पाणी तिच्या पाठीवर गेलं. ती किंकाळी मी विसरलेली नाही.

म्हातारीला ओरखडासुद्धा आला नाही. सूनबाई वाचली, पण कित्येक महिने पालथीच झोपली. मिस्त्री तिच्याजवळ बसून स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायचा. "त्याने माझी कातडी येणार आहे का?" ती म्हणायची. "नवी टाकी बसवाल तेव्हा आधी नळी लावा."

आता त्यांच्या व्हॅनमध्ये नवी टाकी आहे. व्हॅन गॅरेजात आली की खालच्या नळीतून पडणारे थेंब मला दिसतात. मिस्त्री वाकून ते निरखतो. म्हातारी आतून बजावते, "गळू दे तिला. तोंड बंद करशील तर खबरदार!"

मित्रांनो, जे गळतं, करकरतं, कुरकुरतं, त्याचा राग येतोच. पण त्याचं तोंड दाबण्याआधी त्याला काय झालंय ते बघा. माणसांचंही तसंच करा. त्या घरात आज ऊन पाण्याला तोटा नाही. सूनबाई मात्र कडाक्याच्या थंडीतही गार पाण्यानेच अंघोळ करते. ऊन पाणी तिच्या पाठीला सोसत नाही.