पाहुणघर

एक बूट काढून झाल्यावर दुसऱ्यासाठी ताईने भिंतीचा आधार शोधला, तर भिंत कागदाची निघाली.

"अगं, तिथे नको, हात आरपार जाईल!" बाहुली आतून धावत आली. तिने ताईचा दंड धरला, बूट निघाल्यावर खाली वाकून दोन्ही उचलले आणि टोकं दाराकडे करून पायरीखाली लावून ठेवले. "ही इथली पद्धत. जाताना पाय सरळ बुटात."

"म्हणजे आल्या आल्या जायची तयारी."

बाहुली हसली. कुणी काहीही बोललं तरी तिला असं छान हसता येत असे, आणि ताईला ते लहानपणापासून खपत नसे.

हे पाहुणघर तिच्या धाकट्या बहिणीचं, बाहुलीचं. हॉटेल म्हटलेलं तिला चालत नसे. जपानात शिकून आल्यावर तिने द्राक्षमळ्यांच्या उतारावर हे उभं केलं होतं. जमिनीवर गवताच्या चटया, सरकती दारं, अंगणात एकच दगड आणि त्याभोवती विंचरल्यासारखी वाळू. दिवसभर वाइनरी पालथ्या घालून आलेले पाहुणे इथे संध्याकाळी सुती झगे घालून कुजबुजत हिंडत. दगड बघायला माणसं पैसे मोजतात, याचं ताईला मनापासून नवल वाटे. नवल कसलं, तिचा जळफळाट होई.

आईला ताईने इथे पाठवलं ते घरच्या न्हाणीघराचं काम निघालं म्हणून, आठ दिवसांसाठी. फरशा बसल्या, नळ लागले, तरी आई परत यायचं नाव काढेना. आणि परवा बाहुलीचा फोन आला. "ताई, आई इथेच राहिली तर? तूही जरा मोकळी होशील."

मोकळी! एकदाची सुटेन तर बरं, असं ताईने स्वतः कितीदा म्हटलं होतं. पण तेच बाहुलीच्या तोंडून ऐकल्यावर तिला झोप लागेना. या खेपेला आईला घेऊनच जायचं, असं ठरवून ती आली होती. बाहुलीचं म्हणणं, आईलाच ठरवू दे.

आई खोलीत चटईवर बसली होती. खाली, मांडी घालून! घरी साधं भाजी निवडायला तिला खुर्ची लागे.

"आणि गुडघे?" ताईने विचारलं.

"इथल्या गरम पाण्याने बरे आहेत हो. फार काळजी घेते ही."

बाहुली चहाचं बघायला गेली. तिची पावलं दूर जाताच आईने ताईला नखशिखांत न्याहाळलं.

"एवढा उशीर? आणि हे केस काय करून आलीस? चार माणसांत यायचं म्हटल्यावर विंचरावेत तरी!"

ताईने केस हातानेच मागे सारले. बहिणीला कौतुक आणि तिला केस.

जेवताना तेच. इवल्या इवल्या वाट्यांतून बाहुली एकेक पदार्थ आणत होती आणि आई प्रत्येकाला म्हणत होती, "किती सुरेख गं. कशाला एवढी तसदी घेतलीस?" ताईच्या स्वयंपाकाला आईने जन्मात सुरेख म्हटलं नव्हतं. मीठ बरोबर पडलं की ती गप्प जेवे, चुकलं की साऱ्या घराला ऐकवे. ताईने एक वाटी पुढे ओढली आणि काय खातोय ते न बघता संपवली.

हे आजचं नव्हतं. मावशीला मूलबाळ नव्हतं, म्हणून तिने बाहुलीला शाळेत जायच्या आधीच आपल्याकडे नेलं. बाहुली हे नावही तिथल्या झालरीच्या फ्रॉकांमुळेच पडलं. सुट्टीत ती घरी आली की पलंगावर नवी चादर पडे, टवका न उडालेला कप निघे. ताईने तोंड वाकडं केलं की आई म्हणे, "पाहुणी आहे ती. तिला आधी घेऊ दे." सुट्टी संपली की चादर पुन्हा कपाटात आणि ताईला तिची जुनी गोधडी. इतकी वर्षं गेली, त्या चादरीवरची निळी फुलं ताईला अजून दिसत.

ताई रात्री तिथेच राहिली. सकाळी ती आईच्या खोलीत गेली तेव्हा आई अंघोळीला गेली होती. इथे अंथरूण काढायचं काम घरच्या माणसांचं, पाहुण्यांनी हात लावायचा नाही. पण गादीची घडी झाली होती, कोपऱ्याला कोपरा जुळवून. शेजारी आईची पिशवी. वर उघड्यावर काही नाही. कंगवा, चष्म्याचं घर, दात घासायचा ब्रश, सगळं आत गेलेलं.

ताईला एकदम हलकं वाटलं. आई निघायला तयार होती!

"बघ, भरली बॅग तिने," दारात आलेल्या बाहुलीला ती म्हणाली. आवाजातला आनंद तिला काही लपवता आला नाही.

"रोजच भरते," बाहुली म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. मी यायच्या आत गादी काढून बसलेली असते. ब्रशला पेला दिला, कपाट रिकामं करून दिलं. तरी सगळं पिशवीत."

"मग बरंच आहे की. तुझं काम वाचतं."

बाहुली हसली नाही. "काल तुझ्यावर ओरडली ना ती? केसांवरून?"

"ऐकलंस होय? माझ्या वाट्याला हेच."

"मला अजून एकदाही ओरडली नाहीये ताई. आल्यापासून नाही. आधीही कधी नाही."

ताईने तिच्याकडे नीट पाहिलं. थट्टा करतेय म्हणावं, तर तिचा चेहरा पडला होता. म्हणजे हेवा करायचा तो हिने? आणि कशाचा, तर ओरडा खाण्याचा! ताईला राग आला. इतकी वर्षं जिवापाड जपलेली तक्रार कुणीतरी हातातून काढून घेतल्यासारखं तिला झालं.

आई अंघोळ करून आली. बाहुलीने दोघींना दुधाचा चहा आणून दिला, पण स्वतः बसली नाही. ट्रे छातीशी धरून दारातच उभी राहिली. आईने घोट घेतला. तिचा चेहरा इतकुसाही हलला नाही.

"छान झालाय हो चहा," ती म्हणाली आणि दुसरा घोट घेतला.

मग ताईने कप तोंडाला लावला, आणि तिला ठसका लागला. चहात चक्क मीठ होतं. चिमूटभर नव्हे, चांगलं चमचाभर. तिने मान वर करून पाहिलं. बाहुली आईकडे बघत होती, श्वास रोखून.

आईने तिसरा घोट घेतला.

"आई, मीठ आहे यात!"

"कळतंय मला, जीभ शाबूत आहे माझी," आई तिच्या कानाशी कुजबुजली. "हळू बोल. लोकांच्या घरी असं तोंडावर म्हणायचं असतं का?"

कानांनी कमी ऐकू यायला लागल्यापासून आईची कुजबुज चार घरं ऐकतील अशी असे.

बाहुली पुढे आली आणि तिने दोन्ही कप ट्रेमध्ये ठेवले. पाहुण्यांशी बोलायचा तिचा एक आवाज होता, त्याच आवाजात ती म्हणाली, "चुकून झालं. दुसरा आणते. आई, साखर किती घालू?"

"तुला वाटेल तेवढी घाल हो. मला काय, कसाही चालतो."

ताई जिंकली होती. याचसाठी आली होती ती. आई आता तिच्याच गाडीत बसणार आणि वाटेत तिच्याच चुका काढणार, याबद्दल शंका उरली नव्हती. बाहुली दारात थांबली आणि तिने वळून ताईकडे पाहिलं.

आईला दीड चमचा साखर लागे, आणि तीही चहा गाळल्यावर घातलेली. आधी घातली तर ती कप तसाच परत पाठवी. ताईला बहिणीची दया आली, अगदी आतून आली. शब्द ओठांवर आले होते.

तिने आईची पिशवी जवळ ओढली आणि तिचे बंद नीट करू लागली.